जीवांचं मडकं

आपल्या आयुष्यातली सर्वांत घाणेरडी गोष्ट कुसुमलतानं अगदी चांगल्या मनानं केली.

लग्न होऊन धुळ्याहून पारोळ्याला येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. पुढे सासऱ्यांचं, पुखराजशेठचं, धान्याचं दुकान आणि मागे घर. ओसरीवर पाहुण्या बायका बसल्या होत्या. सासूबाईंनी आत तोंड करून हाक दिली, "बींदणी, थोडे पोहे कर गं!" मारवाड्यांच्या घरात सुनेला बींदणीच म्हणतात, तिचं नाव घ्यायची कुणाला घाई नसते.

पोहे कुठे आहेत हे विचारायची कुसुमलताला लाज वाटली. नवी सून सारखी विचारत सुटली तर बायका म्हणणार, हिला काही दिसत नाही का? ती शोधू लागली. जिन्याखालच्या अंधारात रुंद तोंडाचं एक मडकं होतं आणि त्याच्या तोंडाला पांढरंशुभ्र मलमलीचं फडकं बांधलेलं. इतक्या निगुतीनं बांधलंय म्हणजे पोहेच, असं म्हणून तिनं गाठ सोडली आणि हात आत घातला. चांगला मनगटापर्यंत.

पोहे गार असतात, कोरडे असतात. आतलं जे होतं ते ऊबदार होतं. आणि ते हलत होतं.

तिनं हात ओढून काढला तेव्हा त्यावर काळ्या-तपकिरी सोंड्यांची बाहीच चढली होती. गव्हात, तांदळात होतात ते सोंडेकिडे. तिळाएवढे, पुढे बारीकशी सोंड असलेले. बोटांच्या बेचक्यांत सोंडे, नखांत पीठ, आणि पिठात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या. काही सोंडे तर नव्या लाखेच्या चुड्याखाली शिरून मनगटावर फिरू लागले होते. कुसुमलता अशी किंचाळली की ओसरीवरच्या बायका उभ्याच राहिल्या.

सासूबाई, लाडकुंवरबाई, धावत आल्या. सुनेला काय चावलं, काय लागलं हे त्यांनी विचारलंच नाही.

"हात झटकू नकोस!" त्या ओरडल्या. "मरतील ते!"

मग लोकरीच्या मऊ पूंजणीनं त्यांनी सुनेच्या हातावरचा एकेक सोंडा अलगद मडक्यात उतरवला. पूंजणी म्हणजे जमिनीवरचा जीव न दुखवता बाजूला सारायची छोटीशी कुंचली. तेवढा सगळा वेळ कुसुमलता हात लांब धरून, डोळे गच्च मिटून उभी होती. चुड्याखालचा शेवटचा सोंडा निघेपर्यंत तिचं सकाळचं दूध घशाशी येऊन थांबलं होतं. सोंडा निघाला आणि दूधही बाहेर पडलं.

"किळस कसली एवढी?" सासूबाई म्हणाल्या. "तू त्यांच्या घरात हात घातलास. किळस त्यांनी करायची."

ते जीवांचं मडकं होतं. कुसुमलताचं माहेरही जैनच. पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं, हे तिथेही होतं. पण वडिलांचं, मदनलालजींचं, दुकान कापडाचं. घरातलं धान्य एक बाई येऊन निवडून जायची, आणि निवडलेले किडे कुठे जातात हे कुणी विचारत नसे. इथे मात्र लाडकुंवरबाई ते स्वतः निवडत. निघालेला जीव उन्हात टाकायचा नाही, पाण्यात टाकायचा नाही, आणि मुंग्यांच्या वाटेवर तर नाहीच. त्याला मडक्यात ठेवायचं आणि वर मूठभर धान्य टाकायचं, उपाशी राहू नये म्हणून. मडकं भरत आलं की मळ्यावरच्या बंद खोलीत नेऊन जुन्या कणगीत अलगद ओतायचं. तिथे ते आपापल्या आयुष्यानं जगतील, आपापल्या मरणानं मरतील.

गावात या मडक्याचं कौतुक होतं. दुपारी गल्लीतली मुलं ओट्यावर जमत. जैन शास्त्रात जीव इंद्रियांवरून मोजतात. लाडकुंवरबाई तळहातावर एक सोंडा घेत आणि विचारत, "ह्याला इंद्रियं किती?"

"तीन!" मुलं ओरडत.

"कोणकोणती?"

"स्पर्श, चव, वास!"

"डोळे?"

"नाही!"

"कान?"

"नाही!"

"मग पाय येतोय हे त्याला कळणार कसं?"

"नाहीच कळणार!"

"म्हणून बघायचं कुणी?"

"आपण!"

मग त्याच हातानं त्या मुलांना साखरफुटाणे वाटत. मुलं ते मिटक्या मारत खात. दारामागून बघणारी कुसुमलता तोंड फिरवी. पण एक खरं, सासूबाई शिकवत छान. कुणी चुकलं तर रागवायच्या नाहीत, पुन्हा विचारायच्या. एकदा एका आगाऊ पोरानं विचारलं, "बाईजी, आणि चुकून एखादा दळणात गेला तर?"

"माझ्या हातून आजवर गेला नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "ज्या दिवशी गेला असं कळेल, त्या दिवशी मी अन्न सोडीन."

लाडकुंवरबाई बोलायचं म्हणून बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. एकदा म्हणाल्या, दही सोडलं, तर दही सुटलंच. नवऱ्याशी वाद झाला तेव्हा म्हणाल्या, सोन्याच्या पाटल्या पुन्हा घालणार नाही, तर पाटल्या पेटीतच राहिल्या.

सहासष्टच्या पावसाळ्यात लाल गहू आला. दोन वर्षं पिकांनी दगा दिला होता, बाजारात गहू दिसेना. रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा गहू मिळू लागला आणि धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरातही तोच खायची वेळ आली. जहाजात, आगगाडीत, गोदामात कोंदून तो गहू आधीच आजारी झालेला. पोतं उघडलं की कुबट, आंबूस भपकारा यायचा. दाणे एकमेकांना जाळ्यांनी चिकटलेले, हात फिरवला की पिठूळ चिकटा. वरून साबूत दिसणारा दाणा चिमटीत दाबला तर फुटायचा आणि आतून दह्याच्या कणीसारखी अळी बाहेर यायची.

एके दिवशी कुसुमलता जेवायला बसली, फुलक्याचा तुकडा मोडला आणि थांबली. फुलक्यात काळे ठिपके होते. समोर तिचा नवरा, अभयकुमार, मजेत जेवत होता.

"अहो, हे काय आहे?"

"जिरं," तो म्हणाला.

"फुलक्यात जिरं?"

"बाईजींनी घातलं असेल." आणि त्यानं पुढचा घास घेतला.

कुसुमलतानं ठिपका नखावर घेऊन उजेडात धरला. जिऱ्याला सोंड नसते. जिऱ्याला दुमडलेले पायही नसतात. ती तशीच उठून मोरीवर गेली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई गहू निवडायला बसल्या तेव्हा ती मुद्दाम जवळ जाऊन बसली. लाडकुंवरबाईंची बोटं परातीतून नेहमीसारखी भरभर फिरत होती, पेटीवाल्याची स्वरपट्टीवर फिरावीत तशी. मध्येच थांबून त्यांनी पूंजणीनं काहीतरी काळं उचललं, "जा बापा, सुखी राहा," म्हणत मडक्यात सोडलं. कुसुमलतानं नीट पाहिलं. तो खडा होता. काळा, टणक, बिनपायांचा खडा. आणि त्यांच्या अंगठ्याला लागून एक जिवंत सोंडा तुरुतुरु चालला होता. अंगठा सरकला, सोंडा गव्हात बुडाला आणि परात डब्यात उपडी झाली.

कुसुमलतानं मान वर करून सासूच्या डोळ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. बुबुळांवर साय धरली होती, तापवून गार झालेल्या दुधावर धरते तशी.

ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला त्या आगाऊ पोराचा प्रश्न आठवला आणि त्याचं उत्तरही. सांगितलं तर ही बाई अन्न सोडणार. आणि नाही सांगितलं तर सगळ्या घरानं रोज किडे खायचे, आणि जिनं जन्मात मुंगी दुखवली नाही तिनं रोज डबाभर जीव चक्कीत पाठवायचे.

दोन्हींतलं काहीच कुसुमलताला गिळवेना. शेवटी तिनं तिसरंच केलं, आणि ते तिच्यासाठी सर्वांत कठीण होतं.

लाडकुंवरबाई रोज दुपारी सामायिकाला बसत. वाळूचं घड्याळ उपडं करायचं आणि वाळू खाली येईपर्यंत एका आसनावर ध्यान करायचं; त्या वेळात उठायचं नाही, घरातलं काही बोलायचं नाही. वाळू पडू लागली की कुसुमलता दळणाचा डबा उचलून मागच्या पडवीत नेई आणि निवडलेला गहू पुन्हा निवडे.

हातानंच निवडावा लागे. पूंजणीनं जाळ्यांतल्या अळ्या सुटत नसत. बोटांत धरली की अळी आकसायची, मग लांब व्हायची, आणि तिचं थंडगार, लिबलिबीत अंग चिमटीत जाणवायचं. सोंडे मेल्याचं सोंग घेऊन पडत आणि तळहातावर आले की एकदम पळत सुटत. सुटलेला एखादा बाहीत शिरे. कुसुमलता दात आवळून निवडत राही, मग मोरीवर जाऊन ओकून येई, चूळ भरे आणि पुन्हा बसे. रात्री अंथरुणातही तिला वाटे, चुड्याखाली काहीतरी चालतंय.

धुण्याभांड्यांची कुंदाबाई दळणाचा डबाही चक्कीवर नेई. ती एकदा वेळेआधी आली आणि कमरेवर हात ठेवून बघतच राहिली. मग आपल्या अहिराणीत म्हणाली,

"वहिनी, काय करी राह्यनी तू आठे?"

"हळू बोल. बाईजी सामायिकात आहेत."

"माय व माय! इतला किडा?" कुंदाबाईनं नाकाला पदर लावला. "दे माले. मन्या कोंबड्यास्ले टाकी देसू. बठ्ठा खाई जातीन."

कुसुमलताला क्षणभर मोह झाला. वाटीतली ती वळवळ कोंबड्यांच्या चोचीत जाते आहे आणि आपण हात साबणानं धुतो आहोत, हे चित्र तिला फार सुंदर दिसलं. पण तिनं मान हलवली.

"नको गं. त्यांना मडक्यातच टाकावं लागतं."

"ज्यानी किळस येस, तेलेच संभाळनं?" कुंदाबाई हसली. "तुमनं घर बी न्यारंच शे."

कुसुमलतालाही ते न्यारंच वाटत होतं. पण लहानपणापासून अंगात मुरलेलं असं जात नाही. जीव हातात आला की तो मारायचा नाही. मग तो आवडो न आवडो. रोज ती वाटी जिन्याखालच्या मडक्यात उतरवी आणि तोंड दुसरीकडे करून फडकं बांधी.

एवढं सगळं लपलं, पण ओकाऱ्या लपल्या नाहीत. गल्लीत कुजबुज सुरू झाली. कुंदाबाईनंही डोळे मिचकावत विचारलं, "वहिनी, किडास्नं निमित्त, गोड बातमी शे का?" लाडकुंवरबाई तर हरखून गेल्या. सुनेच्या ताटात जास्तीचं तूप पडू लागलं. त्या तुपाखालच्या फुलक्यात आज तरी काही नाही ना, हे कुसुमलता आधी बघून घेई.

पर्युषण, जैनांचं उपवासांचं पर्व, जवळ आलं. त्याआधी मडकं रिकामं करायचा घरातला रिवाज होता. लाडकुंवरबाई जिन्याखाली वाकल्या, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि तशाच थांबल्या. मडकं जड होतं. त्यांनी ते कानाशी नेलं.

आत पाऊस पडत होता. बारीक, न थांबणारी सळसळ. हजारो पायांची, दाण्यांवरून दाण्यांवर.

"बींदणी!"

कुसुमलता आली.

"यात एवढे जीव मी टाकलेले नाहीत."

कुसुमलतानं चुडा मनगटावर वर सारला.

"दुपारी मी सामायिकात असले की मागे परात वाजते. मग तू ओकतेस. मला वाटलं..." त्या बोलता बोलता थांबल्या. "दिवस नाहीत ना गेलेले तुला?"

"नाही, बाईजी."

"माझ्यामागून निवडतेस."

"हो."

"आणि त्याच्याआधी? तू निवडायला लागायच्या आधी?"

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण ते साय धरलेले डोळे तिच्या चेहऱ्यावर असे रोखलेले होते की जणू सगळं दिसतंय. कुसुमलताचे ओठ हललेच नाहीत, आणि तेच उत्तर झालं.

लाडकुंवरबाईंनी मडकं अगदी सावकाश खाली ठेवलं. मग त्यांचं अंग शहारलं. ज्या बाईनं जन्मभर तळहातावर किडे खेळवले, तिनं तोंडावर हात दाबला, भिंत चाचपडत मोरी गाठली आणि आतडी पिळवटून ओकली. पाणी मागितलं, चूळ भरली, पुन्हा ओकली. जीभ पदरानं खसाखसा पुसली.

"माझ्या तोंडात," त्या म्हणत राहिल्या. "माझ्या ह्या तोंडात."

कुसुमलतानं त्यांची पाठ धरली. किळस म्हणजे काय, हे आता त्या घरात दोघींना कळत होतं.

संध्याकाळी लाडकुंवरबाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. आणि घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही! पर्युषणाच्या तोंडावर उपवास म्हणजे पुण्याचं काम. पुखराजशेठ आदरानं हळू आवाजात बोलू लागले. शेजारणी येऊन हात जोडून विचारत, "तपस्या सुखानं चालली आहे ना?" लाडकुंवरबाई मान हलवत. ही तपस्या नाही, ही बाई जगातून उठून चालली आहे, हे एकट्या कुसुमलताला ठाऊक होतं. ती जवळ जाऊन बसली, विनवलं, रडली. सासूबाई म्हणाल्या, "बोलले होते ना मी? मुलांसमोर बोलले होते."

तिसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं तेव्हा कुसुमलतानं मडकं उचलून सासूच्या खाटेपाशी आणून ठेवलं आणि फडक्याची गाठ सोडली. मागच्या अंगणात कसलासा आवाज झाला. लाडकुंवरबाईंनी कान टवकारले.

"हे काय वाजलं?"

"कोंबडी," कुसुमलता म्हणाली.

"कोंबडी? आपल्या घरात?"

"बाईजी, मनीच कोंबडी शे," दारातून कुंदाबाई म्हणाली. तिच्या काखेत एक धष्टपुष्ट तांबडी कोंबडी होती. "सकायपासून भुकी शे बिचारी."

"बाहेर काढ तिला!" तीन दिवसांची उपाशी बाई ताडकन उठून बसली.

"काढते," कुसुमलता म्हणाली. "तुम्ही जेवा, लगेच काढते."

"धमकी देतेस मला?"

"हो."

"तू असं करणार नाहीस. तू एवढे दिवस त्यांना सांभाळलंस."

"तुमच्या भीतीनं सांभाळलं. बाईजी, मला ह्यांची किळस येते. काल येत होती, आज येते, मरेपर्यंत येईल. तुम्ही आहात म्हणून मी ह्यांना हात लावते. तुम्ही गेलात तर हे मडकं मी एक दिवस घरात ठेवणार नाही. तुमच्या एका बोलण्यासाठी ह्या सगळ्यांचा जीव जाऊ द्यायचा असेल, तर बसा तशाच."

यातलं अर्धं खोटं होतं. पण कुठलं अर्धं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कोंबडीनं मडक्याकडे मान लांब केली आणि कुकुकुक् केलं. लाडकुंवरबाईंचा हात आपोआप मडक्याच्या तोंडावर गेला आणि त्यांनी ते झाकून धरलं. दोन-तीन सोंडे त्यांच्या बोटांवर चढले. बाहेर ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. एकदा दिवस मावळला की आज खाणं नाहीच.

"काय केलंयस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मुगाचं पाणी."

"मूग कोणी निवडले?"

"मी. दोनदा."

"आण."

कुसुमलता चुलीकडे धावली. कुंदाबाई कोंबडीला म्हणाली, "चाल व माय, आपलं काम व्हयनं," आणि मागच्या दारानं निघून गेली.

मुगाचं पाणी पिऊन झाल्यावर लाडकुंवरबाईंनी पुखराजशेठना आत बोलावलं आणि सरळ सांगितलं, "माझे डोळे गेलेत. आजपासून गहू बींदणी निवडेल. आणि जिरं म्हणून जे खाल्लंत, ते जिरं नव्हतं." अभयकुमार दारात उभा होता. तो मुकाट्यानं मोरीकडे गेला.

पर्युषण संपल्यावर ओट्यावर पुन्हा मुलं जमली. लाडकुंवरबाईंनी त्यांनाही सांगितलं, काही न लपवता: चूक झाली, बघणाऱ्यालाच दिसत नव्हतं. आगाऊ पोरानं विचारलं, "मग तुम्ही अन्न सोडलं?"

"सोडलं होतं. हिनं परत धरायला लावलं. आता गप्प बस आणि शीक. बींदणी, एक सोंडा घे तळहातावर आणि मुलांना दाखव."

"मी?"

"मग कोण? मला कुठे दिसतोय?"

कुसुमलतानं मडक्यात बोटं घातली. ते अजूनही तसंच ऊबदार होतं. तिनं एक सोंडा उचलून तळहातावर ठेवला आणि हात शक्य तेवढा लांब धरला.

"ह्याला इंद्रियं किती?" लाडकुंवरबाईंनी विचारलं.

"तीन!"

"डोळे?"

"नाही!"

"कान?"

"नाही!"

"बघा. माझे डोळे गेले तरी मला कान आहेत. ह्या बिचाऱ्याला तेही नाहीत. बींदणी, तोंड वाकडं करू नकोस, मुलं बघताहेत."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुझा चुडा वाजतोय थरथरून."

सोंड्यानं तळहात ओलांडला होता. मनगटाची शीर चढून तो नेमका चुड्याच्या कडेशी आला, थांबला आणि त्यानं सोंड आत घातली.

"बाईजी," कुसुमलता दातांतल्या दातांत म्हणाली, "काय विचारायचं राहिलं असेल ते लवकर विचारा."